नागपुरात लेकराबाळांसह किरायाने राहायला येताय? घराआधी वस्ती बघा

बारा वर्षांत नागपुरात आमची चार घरं झाली. चारही किरायाची. दोन साधली, दोन चुकली. चुकलेल्या दोन्ही घरांत तशी काही खोट नव्हती. एकाचा हॉल मोठा होता, दुसऱ्यात तिन्ही बाजूंनी वारा यायचा. पण मुलीची शाळा एका टोकाला, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या टोकाला आणि दुपारी एक वाजता भर उन्हात तिला आणायला गाडी काढणारी मी, असा दिवस निघायचा. घर बघताना तो आम्ही डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. आता ओळखीत कोणाची नागपूरला बदली झाली किंवा मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी लागली, की फोन येतो, "ताई, कुठे घर बघू?" प्रत्येकाला जे सांगते तेच इथे नीट लिहून काढते आहे.

बाहेरून येणाऱ्यांसाठी आधी दोन-चार शब्द. इथे 'भाड्या'पेक्षा 'किराया' जास्त चालतो. गेटवर 'किरायाने देणे आहे' अशी पाटी दिसेल. अपार्टमेंटला 'फ्लॅट स्कीम' किंवा नुसतं 'स्कीम' म्हणतात, आणि निम्म्या वस्त्यांच्या नावामागे 'ले-आउट' असतं. हे माहीत असलेलं बरं, कारण कुटुंबाला साजेशी कितीतरी घरं मोबाइलवर दिसतच नाहीत. मालक स्वतः खाली राहतो, वरचा माळा किरायाने देतो आणि गेटला पाटी लावून मोकळा होतो. म्हणून वस्ती पक्की झाली की संध्याकाळी दुचाकीवरून गल्ली न् गल्ली फिरा.

आधी दिवस कागदावर मांडा

घरातला प्रत्येक माणूस सकाळी किती वाजता निघतो, कुठे जातो, परत कधी येतो, हे लिहा. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचा दवाखाना आणि सकाळचं फिरणंही लिहा. मग नकाशा उघडा.

नागपूर फार मोठं नाही असं सगळे म्हणतात, आणि रात्री दहा वाजता ते खरंही असतं. पण शहराच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत, आणि पूल कुठे, अंडरपास कुठे यावर तुमची वाट ठरते. मनीषनगर आणि वर्धा रोड अगदी शेजारी. मध्ये मात्र रेल्वे लाइन. फाटक बंद झालं की तिथे लोक ताटकळत उभे असायचे. उड्डाणपूल आणि अंडरपास झाल्यावर तो त्रास बराच कमी झाला. नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली जोराच्या पावसात आजही पाणी साचतं. नकाशावरचे चार किलोमीटर आणि रस्त्यावरचे चार किलोमीटर इथे सारखे नसतात.

मेट्रोचा हिशेब सोपा आहे. पहिला टप्पा सुमारे ४० किलोमीटरचा. मार्च २०१९ मध्ये वर्धा रोडवरून सुरुवात झाली, आणि ११ डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना गाड्या धावतात. ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत उत्तर-दक्षिण, अॅक्वा लाइन लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत पूर्व-पश्चिम. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. घर यांपैकी एखाद्या स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर असेल, तर कॉलेजला जाणारं पोरगं स्वतःचं स्वतः जाऊ शकतं, आणि ही फार मोठी सोय आहे. पण नोकरीच्या टोकालाही बघा. मिहानमध्ये काम असेल तर स्टेशनवर उतरून कंपनीच्या गेटपर्यंत कसं पोचायचं, तिथे बस आहे की ऑफिसची गाडी, हे आधीच विचारून घ्या.

माझं स्पष्ट मत सांगते. लेकरं लहान असतील तर घर शाळेजवळ घ्या, नोकरीजवळ नाही. मोठी माणसं पाऊण तास प्रवास करू शकतात. सहा वर्षांचं लेकरू एप्रिलमध्ये दुपारी व्हॅनमध्ये पाऊण तास बसून घरी आलं की जेवत नाही, नुसतं पडून राहतं. इथे ऊन इतकं, की विदर्भातल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्या उन्हात रोज जाणं-येणं लेकरालाच करायचं असतं.

कुठली बाजू कोणासाठी

सगळ्या वस्त्या सांगत बसत नाही. नोकरीच्या ठिकाणावरून सुरुवात करा.

मिहान, एम्स किंवा बुटीबोरीकडे नोकरी असेल तर वर्धा रोडची बाजू. सोमलवाडा, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर, खामला, देवनगर, मनीषनगर ही जमलेली ठिकाणं आहेत. शाळा, दवाखाना, भाजी सगळं हाताशी आणि मेट्रो जवळ. त्यापुढे बेसा, बेलतरोडी, पिपळा. नव्या स्कीम, मोठ्या खोल्या आणि तेवढ्याच पैशांत एक बेडरूम जास्त. तरुण जोडपी लेकरांसह तिकडे मोठ्या संख्येने गेली आहेत, त्यामुळे खेळायला सवंगडी भरपूर. पण यातला बराच भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथे पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे यांची चौकशी दुप्पट करा.

हिंगण्याच्या एमआयडीसीत काम असेल तर त्रिमूर्तीनगर, जयताळा, सुभाषनगर, लोकमान्यनगर. प्रतापनगर, स्वावलंबीनगर, दीनदयालनगर हा पट्टा मला कुटुंबासाठी शहरातला सगळ्यात सोयीचा वाटतो. अंतर्गत रस्ते रुंद, झाडं जुनी, बागा चालत्या अंतरावर, आणि बैठ्या घरांच्या ओट्यावर अजूनही आजी बसलेल्या दिसतात. आमचं सध्याचं घर याच बाजूला आहे, तेव्हा माझा कल आहे हे धरूनच वाचा.

धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स इथे किराया चढा. त्यातही रामदासपेठ आणि धंतोलीत दवाखाने इतके आहेत की दिवसभर गाड्यांची रांग लागलेली असते. वडीलधाऱ्यांना वारंवार दवाखान्यात न्यावं लागत असेल तर सोयीचं, लहान लेकरांना सायकल चालवायला मात्र जागा नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या भोवती मोर्चे आणि बंद रस्ते ठरलेले.

कोराडी, खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरी असेल तर मानकापूर, झिंगाबाई टाकळी, गोधनी. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, असेल तर हनुमाननगर, अजनी, मानेवाडा. पूर्वेला नंदनवन, वाठोडा या बाजूला घरं ऐसपैस मिळतात, आणि अॅक्वा लाइन प्रजापतीनगरपर्यंत गेल्यापासून ती बाजू जवळ आली आहे. तिथे बघताना भांडेवाडीचं डंपिंग यार्ड किती लांब आहे आणि वारा कुठून येतो ते संध्याकाळी जाऊन तपासा. महाल, इतवारीची गोष्ट वेगळी. तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, दारावरून जाते, बाजार पायाशी, शेजार घट्ट. पण चारचाकी असेल तर ती कुठे लावणार, हा प्रश्न आधी सोडवा.

पाणी

"पाणी चोवीस तास आहे," असं मालक म्हणाले की पुढचा प्रश्न लगेच विचारा, "नळाचं की बोअरचं?" बेलतरोडीकडे एक फ्लॅट बघताना मालकांनी मला किचनचा नळ सोडून दाखवला. धो धो पाणी. मी खूश. खाली उतरताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्या म्हणाल्या, "नळ कुठचा आला बाई, सगळं बोअरवरच चालू आहे. प्यायला कॅन आणतो आम्ही. आणि एप्रिल लागला की टँकर." त्यांनी मला त्यांच्या बाथरूममधली बादली दाखवली. आतून कडेला पांढरा थर, नखानेही न निघणारा. क्षाराच्या पाण्याने डाळ शिजत नाही, गिझर लवकर जातो, लेकरांची कातडी कोरडी पडते.

शहरात महापालिकेच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, ते चांगलं असतं. पण नळ आहे एवढ्यावर थांबू नका. किती वाजता येतो, किती वेळ राहतो, वरच्या टाकीपर्यंत पोचतो की मोटार लावावी लागते, उन्हाळ्यात काय होतं, एवढं विचारा. टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देतं, मालक, स्कीम की किरायेदार, हेही ठरवून घ्या. कूलर लावणाऱ्या गावात पाणी कमी पडून चालत नाही. मे महिन्यात एकटा कूलर दिवसाला दोन-तीन बादल्या सहज पितो.

पूर

नागपूरला समुद्र नाही, मोठी नदी नाही, मग पूर कसला, असं बाहेरच्यांना वाटतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, वर्मा ले-आउट, शंकरनगर, धरमपेठ, शहरातल्या चांगल्या म्हणून गणल्या जाणाऱ्या या वस्त्या. लोक झोपेत होते. गणपती बसलेले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एका मैत्रिणीसाठी त्या बाजूला तळमजल्याचं घर बघायला गेले. हॉलच्या भिंतीला कमरेपर्यंत ताजा ऑइलपेंट होता, वरचा रंग जुना, पिवळट. आतल्या दाराची चौकट खालून फुगलेली. बोटाने दाबली तर भुगा हातात आला. बाहेर विजेचा मीटर नव्याने डोक्याएवढ्या उंचीवर चढवलेला. मालकांनी पुराचा शब्द काढला नाही. समोरच्या इस्त्रीवाल्या भाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्या रात्री माझा ठेला इथून उचलून मागच्या गल्लीत नेला पाण्यानं."

तेव्हा तळमजला बघताना भिंतीच्या खालच्या तीन फुटांकडे बघा, दारांच्या चौकटी दाबून बघा. नाग नदी, उत्तरेची पिली नदी, दक्षिणेची पोहरा नदी आणि त्यांना मिळणारे नाले घरापासून किती अंतरावर आहेत ते पायी जाऊन बघा. नकाशावर नाला कधीकधी दिसतही नाही. लेकरं, म्हातारी माणसं आणि नाल्याकाठचा तळमजला, हे तिन्ही एकत्र नको. किराया कितीही कमी असो.

ऊन

आमचं दुसरं घर तिसऱ्या माळ्यावर होतं, वर थेट गच्ची. जानेवारीत बघितलं, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून येणारं कोवळं ऊन पाहून मीच पसंत केलं. मे महिन्यात रात्री दहा वाजता त्या भिंतीला तळहात लावला तर चटका बसायचा. टाकीचं पाणी इतकं तापलेलं असायचं, की लेकराला आंघोळ घालायची तर पहाटे पाचला, नाहीतर बादली भरून चार तास थांबा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा सगळ्यात वरचा माळा आणि पश्चिमेची बेडरूम टाळता आली तर टाळाच. मधला माळा, पूर्वेला किंवा उत्तरेला झोपायची खोली, आणि पश्चिमेला एखादं कडुलिंबाचं झाड असेल तर देवच पावला समजा.

कूलरसाठी खिडकीबाहेर स्टँड आहे का, तिथपर्यंत पाणी न्यायची सोय आहे का, समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला खिडकी आहे का, हे बघा. हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता दमटपणा करतो. आणि मालकांकडे महावितरणचं मागच्या मे महिन्याचं बिल मागा. सहसा कोणी मागत नाही, पण त्या एका कागदावर घर किती तापतं ते कळतं. मीटर स्वतंत्र आहे ना, याची खात्री करा. एकाच मीटरवर दोन घरं असली की युनिटांची बेरीज वरच्या स्लॅबमध्ये जाते आणि तुमच्या वाट्याला महागडी वीज येते.

तीन वेळा जा

घर मालकाच्या वेळेला बघू नका. एकदा सकाळी सातला जा, शाळेच्या व्हॅन कुठे थांबतात, कचरागाडी येते का, रस्ता ओलांडायला किती त्रास होतो ते बघायला. एकदा रात्री आठ-नऊला. दिवे लागतात का, कुत्री किती आहेत, गल्लीच्या तोंडाशी टोळकं बसतं का, क्लासवरून सायकलने येणाऱ्या मुली दिसतात का. मुली रात्री निवांत येताना दिसल्या की मी वस्तीला निम्मे गुण तिथेच देते. आणि एकदा लग्नसराईत, रविवारी संध्याकाळी. नागपुरात रिंग रोडला आणि नव्या भागांत लग्नाचे लॉन पुष्कळ. शेजारी लॉन असेल तर दहावीच्या परीक्षेआधी नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज रात्री बँड आणि डीजे ऐकत मुलाला अभ्यास करावा लागेल.

त्या फेरीत दूधवाला, किराणावाला, इस्त्रीवाला यांच्याशी बोला. दलाल घर दाखवतो, ही माणसं वस्ती सांगतात. सोबत लेकरालाही न्या आणि वस्तीतल्या बागेत अर्धा तास सोडा. तिथली पोरं त्याला खेळायला घेतात का, ते बघा.

एक गोष्ट लिहिताना वाईट वाटतं, पण लिहायला हवी. आडनाव विचारून किंवा "नॉनव्हेज खाता का?" विचारून मग "कळवतो" म्हणणारे मालक तुम्हाला भेटू शकतात. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात हे घडतं, याचा मला मनापासून राग येतो. आमच्या एका शेजाऱ्यांना याच कारणाने तीन घरं नाकारली गेली होती. त्यांना शेवटी घर मिळालं ते ओळखीतून, आणि आज त्या गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच अंगणात असतात. असा अनुभव आला तर तिथे मिनतवारी करू नका. ज्या दारात तुमच्या लेकराला जपून वावरावं लागेल ते घर नको. सहकाऱ्यांना विचारा, मुलांच्या शाळेतल्या पालकांना विचारा. मिसळून राहणाऱ्या वस्त्या या शहरात भरपूर आहेत.

कागद

करारनामा, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, लेखी आणि नोंदणीकृतच करा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असं अनेक जण सांगतात. ते चूक आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या किरायावर ०.२५ टक्के, आणि त्या किरायात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज मिळवायचं. समजा महिना १५,००० किराया, ३०,००० डिपॉझिट आणि अकरा महिने. किराया १,६५,०००, व्याज २,७५०, बेरीज १,६७,७५०. त्यावर शुल्क होतं ४२० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. हा खर्च कोण करणार ते आधी बोलून घ्या, बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा होतो.

या कागदाची किंमत शाळेच्या वेळी कळते. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर घर ते शाळा अंतर मोजलं जातं आणि किरायेदाराकडे नोंदणीकृत करारनामाच मागतात. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर तिथे चालत नाही. अर्ज सुरू होण्याआधी करार झालेला हवा, तेव्हा एप्रिल-मेपर्यंत थांबू नका. पोलीस पडताळणीचं मालकांना आठवणीने सांगा. दलाली किती, हे घर बघायला निघण्याआधी ठरवा.

करारात एवढं तरी लिहून घ्या: दरवर्षी किराया किती वाढणार, घर सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, मेंटेनन्स कोणाकडे, रंगाचे पैसे कापणार का. आमच्या एका मालकांनी रंगाच्या नावाखाली डिपॉझिटमधले बारा हजार कापून घेतले. करारात त्याबद्दल ओळ नव्हती, त्यामुळे आम्हाला काही बोलता आलं नाही.

चावी घेताना

सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, खिडकीच्या काचा, कमोड, किचनचा ओटा. फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा. वीजमीटरचा आकडा दोघांनी मिळून बघा आणि मागचं बिल भरलंय ना ते विचारा. गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडा, तळाशी गाळ असेल तर राहायला येण्याआधी धुऊन मागा. मग शेजारच्या दाराची बेल वाजवा, लेकराची ओळख करून द्या आणि त्या काकूंचा नंबर घ्या.